मँडरिन माशासाठी आर्टेमियाची थाळी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

काळ्या प्लास्टिकची, वीतभर व्यासाची आणि मोटर, नळी, वायर यांपैकी काहीही नसलेली ही थाळी आमच्या पुण्याच्या घरात ओट्याच्या एका कोपऱ्यात गेले आठ महिने मुक्कामाला आहे. खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत वाढणाऱ्या आर्टेमिया या चिमुकल्या जिवाची अंडी तिच्यात उबवायची आणि निघालेली पिल्ले माशांना खाऊ घालायची, एवढेच तिचे काम आहे. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने गेल्या गणपतीला येताना ती आणली आणि त्याला ती वीस युरोंच्या आत-बाहेर पडली. याच रचनेच्या थाळ्या एकाहून अधिक कंपन्या बनवतात, त्यामुळे कंपनीचे नाव न घेता मी रचनेविषयी आणि उपयोगाविषयी लिहितो.

ती मागवली ती माझ्या रीफ टँकमधल्या, म्हणजे प्रवाळ आणि खडक असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या, मँडरिन माशासाठी. ज्यांनी हा मासा पाहिलेला नाही त्यांनी निळ्या पैठणीवरची नारिंगी आणि हिरवी वेलबुट्टी डोळ्यांसमोर आणावी. फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून अल्बर्ट हेर्रे यांनी १९२७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, आडोशाच्या प्रवाळ भागांत तो राहतो आणि लांबीने जेमतेम सहा-सात सेंटिमीटर भरतो. बहुतेक माशांचे निळेपण पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशातून येते. या माशाच्या पेशींत मात्र खरेखुरे निळे रंगद्रव्य असते, हे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. त्याच्या अंगावर खवले नसतात, त्याऐवजी उग्र वासाचा बुळबुळीत थर असतो, आणि त्या थरामुळे इतर माशांना सहज जडणारे त्वचेचे आजार त्याला तुलनेने कमी होतात. म्हणजे रोगाने तो फारसा मरत नाही. घरगुती मत्स्यालयात तो मरतो तो उपासमारीने.

याचे कारण त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. समुद्रात तो दिवसभर खडकांवरून पोटाखालच्या परांवर जवळजवळ चालत फिरतो, मध्येच थांबतो, एक डोळा खडकाच्या एखाद्या बिंदूवर रोखतो, आणि मग तोंड नळीसारखे पुढे काढून एकच कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातला टाचणीच्या टोकाएवढा जीव, टिपतो. कोपेपॉड, बारीक कृमी, इवलेसे शिंपले-गोगलगाई, माशांची अंडी असा त्याचा आहार आहे आणि तो घास-घास करून, उजेड असेपर्यंत चालूच राहतो. पाण्यावर टाकलेले कोरडे खाद्य त्याला खाद्य वाटतच नाही. दिवसातून दोनदा पोटभर खाऊन स्वस्थ बसणारा हा प्राणी नाही, आणि त्याला तसा समजून पाळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो आठवडाभरात नव्हे, तर दीड-दोन महिन्यांत हळूहळू झिजत जातो. रंग शेवटपर्यंत तसाच राहतो, आणि माणूस फसतो तो त्या रंगालाच.

मी स्वतः तसा फसलो होतो. चार वर्षांपूर्वी, टँक लावून पुरते चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, एका दुकानात मी पहिला मँडरिन घेतला. ‘सगळं खातो, काही काळजी करू नका’ असे मला सांगण्यात आले, आणि मीही तो काही खाताना दाखवा असे म्हणालो नाही. नव्या खडकांवर जेवढे कोपेपॉड होते तेवढे त्याने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संपवले. त्यानंतर त्याचे पोट खपाटीला गेले, डोक्यामागे दोन्ही बाजूंना खळगे दिसू लागले, आणि चाळिसाव्या की बेचाळिसाव्या दिवशी सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला सापडला. त्या माशाचे मला आजही वाईट वाटते. पुढचा मासा मी दीड वर्ष घेतला नाही. आता टँक सुमारे तीनशे लिटरचा आहे, खडक जुने झाले आहेत, खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीत, शेवाळाचा एक वेगळा कप्पा आहे, आणि दुसरा मासा मी दुकानात त्याला गोठवलेली माशांची अंडी टिपताना पाहूनच घरी आणला. तरीही एकट्या खडकांवर विसंबायचे नाही हे ठरलेले होते, आणि त्यातूनच आर्टेमियाचा उद्योग सुरू झाला.

थाळी येण्याआधी वर्षभर मी सर्वांना ठाऊक असलेली बाटलीची पद्धत वापरली. दीड लिटरची सरबताची बाटली बुडाकडून कापून उलटी टांगायची, खालून हवेचा पंप लावायचा, खारे पाणी आणि अंडी टाकायची, की दुसऱ्या दिवशी पिल्ले तयार होतात. उत्पादनाच्या दृष्टीने या बाटलीला तोड नाही. अडचण येते ती गाळताना. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि पिल्ले मधल्या पाण्यात असतात, हे पुस्तकी सत्य हवा बंद केल्यावर दहा मिनिटांत बाटलीत दिसतेही. पण नळीने पाणी काढताना तिन्ही थरांची सरमिसळ झाल्याशिवाय राहत नाही. टरफले पचत नाहीत आणि एवढ्याशा तोंडाच्या, बारीक आतड्याच्या माशाच्या पोटात ती जावीत असे मला वाटत नव्हते. ब्लीचने टरफल विरघळवण्याची एक पद्धत आहे, परंतु ज्या ओट्यावर आई भाजी चिरते त्या ओट्यावर रोज ब्लीच काढणे मला पटले नाही. शिवाय पंपाची घरघर रात्रभर चाले.

थाळीने नेमका हा टरफलांचा प्रश्न सोडवला आहे, आणि तोही फार सुंदर रीतीने. थाळीच्या आत एकात एक अशा वर्तुळाकार भिंती आहेत. खारे पाणी भरून अंडी सर्वांत बाहेरच्या कड्यात भुरभुरायची आणि वर काळे झाकण ठेवायचे. झाकणाला फक्त मधोमध भोक आहे आणि त्या भोकाखाली गाळणीची एक छोटी वाटी बसते. आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले उजेडाकडे ओढली जातात. बाहेरच्या कड्यात काळोख आणि मध्यभागी उजेड, त्यामुळे ती भिंतींना वळसे घालत आपण होऊन वाटीत येऊन जमतात, आणि ज्यांना पोहता येत नाही ती टरफले व न फुटलेली अंडी बाहेरच्या कड्यातच राहतात. सकाळी वाटी अलगद उचलली की पाणी निथळून जाते आणि गाळणीवर केशर घोटून लावल्यासारखा नारिंगी थर उरतो. तो गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली पाच-दहा सेकंद धुवायचा, टँकच्या पाण्याच्या छोट्या वाटीत सोडायचा, आणि ड्रॉपरमध्ये भरून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी तो थर भिंगाखाली पाहिला होता. शेकडो पिल्लांत मोजून तीन टरफले सापडली. बाटलीत मला हे कधी जमले नव्हते.

अंडी किती घालावीत याबाबत हात आखडता ठेवणे आवश्यक आहे. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम अंड्यांत दोन ते तीन लाख अंडी असतात, आणि या थाळीत हवा खेळवण्याची कोणतीही सोय नाही. पहिल्या आठवड्यात मी उत्साहाने पाव चमचा अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी वाटीत जेमतेम पिल्ले व थाळीला कुबट वास, असा प्रकार झाला. आता दोन बोटांच्या टोकांत मावेल एवढीच चिमूट घालतो. तेवढ्यात एका मँडरिनचे भागते आणि उरलेली पिल्ले टँकमधले क्लाउनफिश मासे फस्त करतात. पाण्याचे तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या दरम्यान असले की साधारण चोवीस तासांत पहिली पिल्ले मिळतात. पुण्यातल्या जानेवारीत, रात्री घरातले तापमान अठरा-एकोणीसवर उतरले तेव्हा, मला छत्तीस ते चाळीस तास थांबावे लागले. तेव्हा थाळी टँकच्या दिव्याशेजारी, जरा उबेत ठेवल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली. एप्रिलमध्ये उलट झाले. अठरा-वीस तासांतच पिल्ले येऊ लागली आणि सकाळी सहाऐवजी आठला उठलो तर त्यांतली बरीचशी पुढच्या अवस्थेत गेलेली असत.

हा तास-दोन तासांचा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु मँडरिनच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला तोंड उघडता येत नाही. ते आपल्या अंगातल्या बलकावर जगते आणि त्या बलकातच त्याचे सारे पोषणमूल्य असते. काही तासांत ते कात टाकते, आकाराने वाढते, आणि बलक खर्ची पडल्यामुळे आतून पोकळ होत जाते. उशिरा दिलेले पिल्लू दिसायला मोठे असते, पण माशाच्या पोटात कमी पडते. म्हणून सकाळी काढलेला सगळा थर मी एकदम वापरत नाही. निम्मा लगेच देतो आणि निम्मा थोड्या खाऱ्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतो. थंडीत पिल्लांची वाढ जवळजवळ थांबते, आणि दुपारच्या व संध्याकाळच्या खेपेला तीच पिल्ले ताजी म्हणून देता येतात. या छोट्या-छोट्या खेपांमुळेच मला ही थाळी बाटलीपेक्षा मोलाची वाटते. बाटली एका वेळी भरपूर देते, आणि भरपूर खाद्य एकदम ओतले की त्यातले बहुतेक पंपाच्या वाटेने टँकच्या फिल्टरमध्ये जाऊन कुजते. थाळी थोडे, स्वच्छ आणि रोज देते, आणि दिवसभर टिपत राहणाऱ्या माशाला त्याचीच गरज असते.

खाऊ घालण्याची पद्धतही सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय थाळीची परीक्षा पुरी होत नाही. ड्रॉपरने पाण्यात सोडलेली पिल्ले क्लाउनफिश क्षणात गिळतात आणि मँडरिन खडकाआडून बघत राहतो. मी लोणच्याची एक लहान काचेची बरणी धुऊन वाळूवर आडवी ठेवली आणि तिच्यात वरून एक ताठ पारदर्शक नळी सोडली. सम्पमधले पाणी परत टँकमध्ये फेकणारा पंप वीस मिनिटांसाठी बंद करायचा आणि नळीतून पिल्ले सावकाश बरणीत उतरवायची. पहिले पंधरा दिवस मँडरिन बरणीभोवती नुसता फिरायचा. अठराव्या दिवशी तो तोंडाशी थांबला, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवले, आणि आत शिरून काचेला चिकटलेले एक पिल्लू टिपले. त्यानंतर त्याला वेळ कळू लागली. दुपारची खेप आई देते. तिचे वय चौऱ्याहत्तर आहे, आणि मी कामावर असताना तिचा फोन येतो तो बहुतेक वेळा माशासाठीच असतो: ‘अरे, तुझा मोर आज बरणीत आलाच नाही, त्या काळ्या दगडामागेच बसलाय, पाणी बघ संध्याकाळी.’ तिने सांगितल्यावर मी संध्याकाळी तपासले तेव्हा खरोखरच तापमान अडीच अंशांनी वाढलेले होते.

वजन करता येत नाही अशा माशाची प्रकृती डोळ्यांनीच ओळखावी लागते. दर रविवारी मी त्याचा वरून एक आणि बाजूने एक फोटो काढतो. वरून पाहताना डोक्यामागचा भाग भरलेला आणि बाजूने पाहताना पोटाची रेषा सरळ किंवा किंचित फुगीर असावी. सप्टेंबरमधल्या फोटोंत पोटाची रेषा आत वळलेली आहे, नोव्हेंबरमध्ये ती सरळ झाली, आणि फेब्रुवारीपासून तो स्पष्टपणे गुटगुटीत दिसतो. पाठीवरचा पहिला पर, ज्याचा लांब काटा नराची खूण असतो, तो आता वारंवार उभारतो. मला या थाळीविषयी याहून मोठी शिफारस देता येणार नाही.

तरी एक गोष्ट ठामपणे सांगतो. या सुधारणेचे सगळे श्रेय थाळीला देणे चुकीचे होईल. आर्टेमिया हे मँडरिनचे नैसर्गिक अन्न नव्हे. समुद्री माशांना ज्या मेदाम्लांची नितांत गरज असते, त्यांपैकी डीएचए आर्टेमियाच्या पिल्लांत जवळजवळ नसते. केवळ त्यांच्यावर ठेवलेला मासा पोटाने भरलेला दिसूनही आतून कुपोषित राहतो. तोंड उघडलेल्या दुसऱ्या अवस्थेतल्या पिल्लांना बारा ते चोवीस तास मेदाम्लयुक्त द्रावणात ठेवून ती उणीव काही अंशी भरून काढता येते, पण ते काम हवा खेळवलेल्या वेगळ्या भांड्यात करावे लागते. या थाळीत ते होत नाही. म्हणून खरा आधार कोपेपॉडचाच. माझ्याकडे टिस्बे जातीच्या कोपेपॉडच्या दोन बरण्या आहेत आणि त्यांना मी नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्म शेवाळाचे हिरवे पाणी घालतो. दर पंधरा दिवसांनी एक बरणी गाळून रात्री, दिवे मालवल्यावर, खडकांत आणि शेवाळाच्या कप्प्यात सोडतो आणि तळाचे वाटीभर पाणी विरजणासारखे मागे ठेवून बरणी पुन्हा लावतो. हे कोपेपॉड खडकांत वस्ती करतात, तिथेच वाढतात, आणि मी झोपलेलो असताना किंवा गावाला गेलेलो असताना मँडरिनला दिवसभराचे टिपण मिळते ते त्यांच्यामुळे. आर्टेमिया ही या जेवणावरची वाढीव वाटी आहे. ज्याचा टँक अजून वर्षभराचा झालेला नाही, किंवा ज्याच्या टँकमध्ये कोपेपॉड वेचून खाणारा सिक्सलाइन रॅससारखा मासा आहे, त्याने ही थाळी घेतल्याने मँडरिन पाळण्याची पात्रता येत नाही.

आता थाळीतले दोष. गाळणीची जाळी अतिशय बारीक आहे आणि ती तशीच असायला हवी, पण दोन-तीन आठवड्यांत तिच्यावर चिकट थर बसतो, पाणी निथळायला मिनिट-मिनिट लागते आणि तोवर वरची पिल्ले सुकू लागतात. मऊ ब्रशने आणि पांढऱ्या व्हिनेगरने धुतल्यावर ती मोकळी होते. साबण मात्र लावू नये. पाणी किती भरावे याची खूण आतून कोरलेली नाही, आणि पाणी कमी पडले तर पिल्लांना भिंती ओलांडता येत नाहीत. मी नेलपॉलिशने बाहेरून एक रेघ ओढून ठेवली आहे. भरलेली थाळी उचलून हलवणे जवळजवळ अशक्य आहे, कारण जरासा हिंदकळा बसला की टरफले भिंतीवरून आत येतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून तिची जागा आधी ठरवावी आणि मगच पाणी भरावे. मध्यभागी उजेड हवा, तर खिडकीचा प्रकाश पुरत नाही, विशेषतः पावसाळी दिवसांत. मी वाचनाचा छोटा एलईडी दिवा बरोबर भोकावर रोखून ठेवतो. वाटीच्या झाकणाची कड मार्चमध्ये माझ्या हातून तडकली आणि सुटा भाग इथे कुठेही मिळाला नाही. वीस युरोंच्या वस्तूला वाटी आणि गाळणी सुटी मिळायलाच हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंड्यांच्या डब्याविषयी एक सूचना, जी थाळीच्या माहितीपत्रकात नाही. आर्टेमियाची अंडी हवेतला ओलावा शोषून घेतात आणि अर्धवट भिजलेली अंडी पुढे फुटत नाहीत. थाळी येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी उघडलेला डबा फडताळात ठेवला होता, आणि जुलै संपेपर्यंत त्यातली निम्मी अंडीही उबेनाशी झाली. बाटलीला, मिठाला, पाण्याला दोष देत मी तीन आठवडे घालवले. आता आठवड्यापुरती अंडी छोट्या बाटलीत काढतो आणि उरलेला साठा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह, फ्रिजमध्ये ठेवतो. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी ही खबरदारी बाराही महिने घ्यावी.

ज्याच्याकडे जुना, खडकांनी भरलेला टँक आहे, कोपेपॉडची बरणी आधीपासून चालू आहे, आणि रोज सकाळी दहा मिनिटे देण्याची तयारी आहे, त्याने ही थाळी निःशंकपणे घ्यावी. पाच-सहा मासे किंवा समुद्री घोड्यांची पिल्ले वाढवायची असतील तर उत्पादन अपुरे पडेल आणि बाटलीकडेच वळावे लागेल. मी स्वतः दुसरी थाळी सांगून ठेवली आहे. एक रात्री लावायची आणि दुसरी सकाळी, म्हणजे संध्याकाळच्या खेपेलाही फ्रिजमधली नव्हे तर त्याच दिवशी जन्मलेली पिल्ले बरणीत सोडता येतील. भाऊ दिवाळीत येणार आहे, तोपर्यंत तडकलेल्या झाकणाला चिकटपट्टी लावून काम चालले आहे.